वेगवान ८ जीबी की साधी १६ जीबी? घरच्या संगणकाची रॅम निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २०२० च्या अखेरीस जोडून घेतलेला संगणक आहे. त्यात इंटेलचा कोअर आय३-१०१०० प्रोसेसर, एच४१० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ पिढीच्या, २६६६ वेगाच्या रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, विंडोजसाठी २५६ जीबीची साटा एसएसडी आणि साठवणीसाठी १ टीबीची जुनी हार्ड डिस्क आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. सकाळी यंत्र ठीक चालते, पण संध्याकाळी टॅली, दोन-तीन एक्सेल फायली, क्रोमचे वीस-बावीस टॅब आणि मुलीचा ऑनलाइन वर्ग एकत्र आले की माऊसचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. दुकानदाराचा सल्ला असा, की आहे ती स्टिक काढून ३६०० वेगाची ८ जीबीची स्टिक बसवावी. भाच्याचे म्हणणे असे, की वेगाचे राहू द्या, आहे त्यात आणखी ८ जीबी घाला. खर्च एकदाच करायचा आहे, तर कोणाचे ऐकावे?

भाच्याचे ऐकावे. मात्र ते का, आणि कोणत्या यंत्रावर दुकानदाराचे म्हणणे बरोबर ठरले असते, हे नीट सांगायला हवे. गेली बावीस वर्षे संगणक जोडण्या-दुरुस्तीच्या व्यवसायात हाच प्रश्न माझ्या टेबलावर येत आला आहे आणि उत्तर दर वेळी एकच नसते.

मेमरी अपुरी पडणे आणि मेमरी संथ असणे या दोन तक्रारी वापरणाऱ्याला सारख्याच वाटतात, कारण दोन्हींत यंत्र ‘स्लो’ झालेले दिसते. प्रत्यक्षात त्यांची जात वेगळी आहे. संथ मेमरीचा परिणाम सतत, पण थोडा थोडा होत असतो. प्रत्येक कामाला काही टक्के वेळ जास्त लागतो आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. अपुऱ्या मेमरीचा परिणाम एका मर्यादेपर्यंत अजिबात होत नाही, आणि ती मर्यादा ओलांडली की यंत्र एकदम गाळात रुतते. सकाळी सुरळीत आणि संध्याकाळी ठप्प, हे आपण केलेले वर्णनच दुसऱ्या जातीचे आहे. मेमरी नुसती संथ असती तर सकाळीही संथच असती. पंगतीला पन्नास पाने मांडण्याइतकी जागा असेल आणि पाहुणे ऐंशी आले असतील, तर वाढपी कितीही चपळ आणले तरी तीस जण दाराशी ताटकळणारच.

आता हिशेब पाहू. रॅमच्या स्टिकवर जो ‘सीएल’ आकडा असतो, त्याला २००० ने गुणून स्टिकच्या वेगाने भागले की योग्य ओळ उघडल्यानंतर पहिला शब्द हाती यायला किती नॅनोसेकंद लागतात ते कळते. २६६६ वेगाच्या सीएल १९ स्टिकला १४.२५ नॅनोसेकंद लागतात, तर ३६०० वेगाच्या सीएल १८ स्टिकला १०. प्रोसेसरपासून निघून परत येईपर्यंतचा पूर्ण प्रवास याहून बराच मोठा असतो, पण महागडी स्टिक घेतल्याने या टप्प्यावर जो लाभ होतो तो दर खेपेस सव्वाचार नॅनोसेकंदांचा. याच्या समोर हार्ड डिस्क ठेवून पाहा. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा पुरा करायला ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि वाचणारा हात योग्य जागी न्यायला आणखी आठ-नऊ. म्हणजे सुट्या ठिकाणचा एक तुकडा वाचायला १२ मिलिसेकंद गेले असे धरा. १२ मिलिसेकंद म्हणजे १ कोटी २० लाख नॅनोसेकंद. रॅममध्ये जागा नसल्यामुळे हार्ड डिस्ककडे मारावी लागलेली एकच खेप भरून काढायची, तर वेगवान स्टिकने आपले सव्वाचार नॅनोसेकंद सुमारे २८ लाख वेळा वाचवायला हवेत. साटा एसएसडी असेल तर एका खेपेला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात आणि तीच भरपाई साडेतेवीस हजार वेळांवर येते. हा आकडा खूप बरा असला तरी तोही छोटा नाही, कारण विंडोज रॅममधला मजकूर ४ केबीच्या पानांनी आतबाहेर हलवते आणि क्रोमचा एखादा झोपलेला टॅब जागा करायचा म्हणजे अशी हजारो पाने परत आणायची असतात.

यंत्रात काय चालले आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरचे जे छायाचित्र आपण प्रश्नासोबत पाठवले आहे त्यात हे सगळे लिहिलेलेच आहे, म्हणून ते एकदा सावकाश वाचू. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर टिचकी मारल्यावर ‘इन यूज’ खाली ७.१ जीबी आहे आणि कंसात १.२ जीबी ‘कॉम्प्रेस्ड’ म्हणून दाखवली आहे. विंडोज १० पासून ही पद्धत आली: जागा कमी पडू लागली की सध्या न लागणारी पाने विंडोज दाबून, आवळून रॅममध्येच ठेवते. म्हणजे आपल्या यंत्राने आधीच पोट आत घेतलेले आहे. त्याखाली ‘अव्हेलेबल’ ०.८ जीबी आणि ‘कमिटेड’ १३.६/१५.९ जीबी असे आकडे आहेत. कमिटेडचा पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमना विंडोजने कबूल केलेली एकूण मेमरी, आणि दुसरा म्हणजे रॅम व पेजफाइल (रॅममध्ये न मावलेली पाने ठेवण्याची डिस्कवरची फाइल) मिळून ती जास्तीत जास्त जितकी कबूल करू शकते ती. कबूल केलेले सगळेच वापरात असते असे नाही. कित्येक प्रोग्रॅम हावरटासारखे मागून ठेवतात आणि हात लावत नाहीत. तरीही ७.९ जीबी वापरण्याजोगी रॅम असताना १३.६ जीबीची कबुली दिली गेली असेल, तर पावणेसहा जीबीच्या फरकातला बराचसा भाग कुठेतरी डिस्कवर जाऊन बसला आहे असे समजायला हरकत नाही.

याची खात्री करण्याचा मार्ग म्हणजे विंडोजच्याच ‘रिसोर्स मॉनिटर’मधला ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख. हवे ते पान रॅममध्ये नसल्याने किती वेळा डिस्कवरून आणावे लागले, ते तो दाखवतो. नवा प्रोग्रॅम उघडताना तो क्षणभर उसळतो, ते स्वाभाविक आहे. पण काहीही नवे न उघडता, नुसते टॅलीतून क्रोमवर आणि क्रोममधून टॅलीवर जाताना तो दर वेळी दोन-दोनशेच्या वर जाऊन तिथेच रेंगाळत असेल, तर मेमरी अपुरी आहे याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. याउलट आलेख सपाट असेल आणि ‘अव्हेलेबल’ दोन-तीन जीबी शिल्लक दिसत असेल, तर जास्त रॅम घालून काहीही होणार नाही. दुखणे दुसरीकडे शोधावे. तिथला ‘फ्री’चा आकडा लहान आहे, एवढेच पाहून घाबरू नये. मोकळी रॅम विंडोज अलीकडे वाचलेल्या फायलींसाठी वापरते आणि प्रोग्रॅमने मागितली की निमूट सोडून देते. ‘रॅम साफ करणारे’ जे प्रोग्रॅम मिळतात ते नेमके हेच उपयोगाचे काम उधळून लावतात. ते काढून टाका.

त्या छायाचित्रात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. डाव्या पट्टीत डी ड्राइव्हवाली डिस्क १०० टक्के दिसते आहे. डी म्हणजे आपली जुनी हार्ड डिस्क, आणि त्या वेळी तिथली एकही फाइल उघडी नव्हती असे आपण लिहिले आहे. मग ती कशात गुंतली आहे? माझा अंदाज असा, की यंत्र जोडून देणाऱ्याने पेजफाइल एसएसडीवरून काढून हार्ड डिस्कवर ठेवली असावी, कारण ‘सतत लिहिण्याने एसएसडी झिजते’ ही समजूत आमच्या व्यवसायात बरीच वर्षे पक्की बसलेली होती. सुरुवातीच्या एसएसडींच्या काळात त्या सल्ल्यात थोडेफार तथ्य होते. आजच्या घरगुती वापरात ती काळजी अनाठायी आहे. विंडोजच्या शोधपेटीत ‘परफॉर्मन्स’ लिहा, ‘ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स’ उघडा, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘व्हर्च्युअल मेमरी’चे ‘चेंज’ दाबा आणि पेजफाइल डीवर असेल तर सीवर, म्हणजे एसएसडीवर, आणून ‘सिस्टिम मॅनेज्ड’ करा. यंत्र एकदा बंद करून चालू करा. एक रुपयाही खर्च न होता संध्याकाळचा निम्मा त्रास इथेच कमी झालेला दिसेल. पेजफाइल पूर्ण बंद करण्याचा सल्लाही कोणी देईल. तो मानू नका. तसे केल्यास मेमरी संपताच यंत्र संथ होण्याऐवजी प्रोग्रॅमच बंद पडू लागतील आणि टॅलीची अर्धी भरलेली नोंद हातची जाईल.

आता त्याच छायाचित्रातल्या शेवटच्या दोन ओळी: ‘स्पीड २६६७’ आणि ‘स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २’. वेगाचा खरा प्रश्न या दुसऱ्या ओळीत दडला आहे. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये दोन वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात, आणि प्रत्येक वाट एका वेळी ८ बाइट वाहून नेते. २६६६ च्या स्टिकमधून सेकंदाला २१.३ जीबी जाऊ शकतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच दुसरी स्टिक घातली की दोन्ही वाटा सुरू होतात आणि क्षमता ४२.६ जीबी होते. ३६०० ची एकटी स्टिक पूर्ण वेगाने चालली तरी २८.८ जीबीच्या पुढे जात नाही. म्हणजे आपण ज्याला ‘साधी, पण जास्त मेमरी’ म्हणत आहात, ती जोडी दुकानदाराने सुचवलेल्या ‘वेगवान’ एकट्या स्टिकपेक्षा मजकुराच्या वाहतुकीतही दीडपट भरते. जास्त की वेगवान, हा पेचच आपल्या यंत्रापुरता खोटा आहे. रिकाम्या स्लॉटने तो आधीच सोडवून ठेवला आहे.

शिवाय ती स्टिक ३६०० वर चाललीही नसती. कोअर आय३-१०१०० साठी इंटेलने दिलेली मर्यादा २६६६ ची आहे आणि एच४१० चिपसेट ती ओलांडू देत नाही. ३६०० ची स्टिक बसेल, यंत्र सुरू होईल, खोक्यावरचा आकडा पाहून समाधानही वाटेल, आणि टास्क मॅनेजर मुकाट्याने २६६७ दाखवील. दुकानदाराला दोष देण्याआधी सांगतो, की २०२१ मध्ये मी स्वतः ही चूक केली आहे. एका गिऱ्हाइकाच्या आय५-१०४०० ला, एच४१० च्याच बोर्डावर, चांगली जाड ॲल्युमिनियमची पाठ असलेली ३६०० ची स्टिक मी मोठ्या हौसेने घालून दिली. चार दिवसांनी ते गृहस्थ आकड्याचा फोटो घेऊन परत आले. बोर्डाची माहितीपुस्तिका वाचायला मला पाच मिनिटे लागली असती, ती मी वाचली नव्हती. वरचा फरक माझ्या खिशातून गेला.

बोर्डाची आडकाठी नसली तरी अशा स्टिक आपोआप त्या वेगाने चालत नाहीत. खोक्यावरचा ३६०० हा आकडा बनवणाऱ्याने तपासलेला वाढीव वेग असतो. स्लॉटमध्ये घातल्यावर स्टिक आधी २१३३, २४०० किंवा २६६६ अशा प्रमाणित वेगावरच सुरू होते आणि बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन ‘एक्सएमपी’ हा पर्याय, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर ‘एक्स्पो’, चालू केल्यावर खोक्यावरचा वेग मिळतो. ते चालू करायला कोणी सांगितलेच नाही म्हणून वर्षानुवर्षे २१३३ वर चाललेल्या महागड्या स्टिक मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत. जाता जाता एक: सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये २६६६ च्या स्टिकसमोर १३३३ दिसते, म्हणून कोणी फसवले असे समजू नये. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा मजकूर देते. खोक्यावर त्याची दुप्पट छापलेली असते.

वेगवान मेमरीला खरा अर्थ कुठे आहे, तेही सांगतो. नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. पहिली आणि सर्वांत ठळक जागा म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्स. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते; पोटातल्या ग्राफिक्सला साध्या रॅममधूनच सगळे चित्र ओढावे लागते आणि ती वाटही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते. रायझन ५ ५६००जी हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रोसेसर, कारण कार्डाचे पैसे वाचवून खेळही चालतात. एका मुलाने अशा यंत्रात १६ जीबीची एकच स्टिक घेतली होती, ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून. मेमरी भरपूर होती, तरी खेळ अडखळत होते. तीच १६ जीबी ८ आणि ८ अशा दोन स्टिकमध्ये आणि ३२०० वेगाने दिली, एका बाइटचीही भर न घालता, तेव्हा तोच खेळ त्याच चित्रगुणवत्तेवर सरळ चालू लागला. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर तर हे नावातच दिसते: मेमरी एकाच चॅनेलवर असेल तर विंडोजमध्ये त्याच चिपचे नाव नुसते ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे येते.

दुसरी जागा एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० मालिकांची. त्यांच्यात प्रोसेसरचे भाग जोडणारा आतला दुवा मेमरीच्या घड्याळाबरोबर एकास एक चालतो, आणि बहुतेक चिपांवर ही जुळणी ३६०० पर्यंत टिकते. म्हणून तिथे २४०० वरून ३२०० किंवा ३६०० वर जाणे जाणवते, आणि त्यापुढे जाऊन जुळणी तुटली तर उलट नुकसान होते. मात्र त्याच घराण्यातला ५८००एक्स३डी, जो २०२२ मध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, अतिवेगवान मेमरी) घेऊन आला, मेमरीच्या वेगाबाबत फारसा चोखंदळ नाही, कारण त्याला वारंवार लागणारे बहुतेक त्या कॅशमध्येच सापडते. आपल्या आय३ मध्ये ही कॅश ६ एमबी आहे. तिसरी जागा म्हणजे चांगले कार्ड लावून, चित्रगुणवत्ता कमी ठेवून, सेकंदाला जास्तीत जास्त फ्रेम मिळवणारे खेळाडू. टॅली, एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ पाहणे, छपाई या यादीत वेगवान मेमरीने माणसाच्या लक्षात येईल असा फरक मी तरी पाहिलेला नाही.

किती मेमरी पुरेशी, याला माझे आजचे उत्तर असे. विंडोज ११ साठी कागदोपत्री किमान ४ जीबी आहे, पण ते यंत्र सुरू होण्यापुरते. ८ जीबी एका वेळी एकच काम करणाऱ्याला चालते. घरातल्या दोघा-तिघांच्या सरमिसळ वापराला १६ जीबी लागते आणि तेवढी झाली की बहुतेक घरांचा प्रश्न मिटतो. १६ च्या पुढे सरसकट जाऊ नये. आमच्या गावात लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारे एक छायाचित्रकार आहेत. त्यांच्या १६ जीबीच्या यंत्रावर ४के चित्रीकरणाचे तीन-चार थर एकमेकांवर ठेवले की फिरते चक्र यायचे. ३२ जीबी केल्यावर ते गेले. त्यांच्याच घरी हिशेबाला वापरतात त्या यंत्रात त्यांनी उत्साहाने ३२ जीबी घातली, आणि तिथे १६ जीबी आजही रिकामी पडून आहे. मेमरी पुरली की त्यापुढची प्रत्येक जीबी केवळ सोबतीला असते. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा ओढून घेतल्याने भाव चढले आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून ‘असू द्या दुप्पट, स्वस्तच आहे’ हा माझा जुना सल्ला मीही आवरता घेतला आहे.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत एक अडसर आधी पाहावा. विंडोज ३२ बिटची असेल तर ८ जीबी घालूनही ती ‘८.०० जीबी, वापरण्याजोगी ३.४ जीबी’ असे काहीतरी दाखवते. तिथे आधी ६४ बिटची विंडोज टाकावी लागते. अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच झाळलेली असते, स्लॉटच नसतो. तिथे जास्त मेमरी हवी की वेगवान, हा निर्णय खरेदीच्या दिवशीच होतो आणि कायमचा होतो. असा लॅपटॉप घेताना मी डोळे झाकून जास्त मेमरीच्या बाजूला जातो, कारण वेग पुढे कमी पडला तर चालवून घेता येतो, जागा कमी पडली तर यंत्रच बदलावे लागते.

पूर्ण नवे यंत्र घेणाऱ्यासाठी हिशेब थोडा बदलतो. एएमडीच्या नव्या, एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर फक्त डीडीआर५ चालते आणि तिथे ६००० वेगाची, सीएल ३० ची, १६-१६ जीबीची जोडी हा गेली काही वर्षे समतोल पर्याय आहे. आकडे फुगलेले असले तरी पहिल्या शब्दाचा वेळ पाहा: डीडीआर५-४८०० सीएल ४० ला १६.७ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे आपल्या २६६६ च्या स्टिकपेक्षाही जास्त; ६००० सीएल ३० ला १०. वाहतूक मात्र दोन्हींची डीडीआर४ पेक्षा बरीच मोठी आहे. इथे चार स्लॉट भरण्याचा मोह टाळावा. रायझन ७००० साठी एएमडी दोन स्टिकवर ५२०० ची हमी देते आणि चार स्टिकवर ती ३६०० वर आणते. ‘आता दोन घेतो, पुढे आणखी दोन घालीन’ हा डीडीआर४ च्या काळातला शहाणपणा डीडीआर५ वर जास्त मेमरी देतो आणि वेग हिरावून घेतो. तिथे तो पेच अगदी खरा आहे, म्हणून पुढे किती लागेल याचा विचार करून दोनच, पण मोठ्या स्टिक घ्याव्यात.

परत आपल्या यंत्राकडे. घ्यायची आहे ती डीडीआर४ ची, डेस्कटॉपची, ८ जीबीची स्टिक, २६६६ ची किंवा ३२०० ची, जी स्वस्त मिळेल ती. ३२०० ची असली तरी ती २६६६ वर उतरून चालेल. लॅपटॉपची स्टिक आखूड असते आणि तिच्यावर ‘एसओ-डिम’ असे लिहिलेले असते, ती बसणार नाही. डीडीआर३ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्याही बसणार नाहीत. जोर लावू नका. ब्रँड तोच मिळाला तर उत्तम, न मिळाला तर सीपीयू-झेडच्या ‘एसपीडी’ पानावर आपल्या जुन्या स्टिकचे आकडे पाहून त्यांच्या जवळपासची घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या यंत्रांतून काढलेल्या स्टिक बऱ्याच कमी भावात मिळतात आणि रॅम ही सहसा झिजणारी वस्तू नसल्याने मी त्या घ्यायला भीत नाही. फक्त परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घेतो. ८ च्या जागी ४ जीबीचीच मिळाली तर? तीही चालेल. इंटेलची यंत्रे अशा विषम जोडीत ४ आणि ४ जीबी दोन्ही वाटांनी आणि उरलेली ४ एका वाटेने वापरतात. पण १२ जीबी आपल्या संध्याकाळला जेमतेम पुरेल.

बसवताना मुख्य वायर काढून घ्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. स्टिक सरळ उभी धरून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या; खटका आपोआप ‘खट्’ करून बसायला हवा, तो बोटाने ओढून बसवावा लागत असेल तर स्टिक अजून पूर्ण आत गेलेली नाही. चालू केल्यावर पडदा काळाच राहिला आणि बीप वाजले, तर घाबरू नका. पाच वर्षांची धूळ आहे. जुनी स्टिकही काढून तिच्या सोनेरी पट्टीवरून स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवा, भुकटी झटका आणि पुन्हा बसवा. आमच्या धंद्यातला हा उपाय ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण बंद म्हणून आलेल्या यंत्रांपैकी पुष्कळ त्यानेच उठून बसली आहेत.

त्या रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून चालू ठेवा आणि झोपा. सकाळी एक जरी चूक नोंदलेली दिसली तरी स्टिक परत करा, ‘एवढी चालते’ असे कोणी म्हणाले तरीही, कारण बिघडलेली मेमरी यंत्र बंद पाडतेच असे नाही. कधी कधी ती नकळत फोटोतला किंवा टॅलीच्या डेटातला एखादा बिट उलटवून तसाच डिस्कवर लिहिते आणि ते वर्षाने कळते. वाढीव वेगावर चालवलेल्या स्टिकबद्दल माझा हात आखडता असण्याचे हेही एक कारण आहे. मेमरीच्या पेशी तापल्या की त्यांतला विद्युतभार लवकर गळतो, आणि डिसेंबरात चाचणी पार केलेली एक्सएमपी जोडी मे महिन्यात, पंख्याखालच्या खोलीत, चुकू लागलेली मी विदर्भातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिली आहे.

चाचणी निर्मळ निघाली की नेहमीची संध्याकाळ होऊ द्या, सगळे उघडा आणि टास्क मॅनेजर पुन्हा पाहा. ‘स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २’ हवे, ‘अव्हेलेबल’ किमान दोन-तीन जीबी हवे, ‘कॉम्प्रेस्ड’ नाममात्र उरायला हवे आणि डीवाली डिस्क शून्याच्या आसपास हवी. ‘कमिटेड’चा पहिला आकडा मात्र पूर्वीइतका किंवा थोडा वाढलेलाही दिसेल; त्याने बिचकू नका, जागा मिळाल्यावर क्रोम थोडे पाय पसरतोच.